कोणाच्या ओळखीनं?

झाडं पाखरांशी बोलायची तेव्हाची गोष्ट. उन्हाळा कडक होता. वड साळुंकीला म्हणाला, "माझ्या बिया दूर पोचवायला पाखरं हवीत. माझ्याकडे थवा घेऊन ये. फळांची एक अख्खी फांदी तुझ्या पिलांसाठी राखून ठेवतो." शेजारचा लहानसा उंबर म्हणाला, "माझ्याकडे पाखरं आणलीस तर चारच फळं मिळतील, बाई."

साळुंकीने पोपटांचा थवा वडाकडे नेला. संध्याकाळी बघते तर फांदी रिकामी! "पोपट होय? ते तर आपणहून आले," वड म्हणाला. पिलं उपाशी निजली.

सकाळी आभाळात हरियालांचा थवा दिसला. पिलांच्या माना आता वर होत नव्हत्या. "आज दोन फांद्या!" वड ओरडला. साळुंकी घुटमळली. थवा पुढे निघून चालला होता.

तेवढ्यात उंबराने हाक मारली. "काल तांबट पक्षी आला होता. कोणाच्या ओळखीनं आलास, विचारलं, तर तुझं नाव सांगितलं त्यानं. तुझी चार फळं पानांआड ठेवलीत."

तांबटाला तर ती उंबराबद्दल जाता जाता सहज बोलली होती! साळुंकी थव्यामागे झेपावली.

हरियाल उंबरावर उतरले. उंबर एकेकाला विचारत होता, "कोणाच्या ओळखीनं?"

"तीन फांद्या! चार!" वड दिवसभर ओरडत राहिला. त्याची पिकली फळं त्याच्याच बुंध्याशी टपटप गळत होती.