धोंडासुराच्या कानातला शब्द

एका राज्यात, बरं का, मेघसेन नावाचा राजा होता, आणि सात डोंगरांपलीकडे त्याचं एक तळं होतं. तळ्याचा दगडी दरवाजा धोंडासुर नावाचा राक्षस पाठीने रेटून धरी. शापच होता त्याला: परवलीचा शब्द उच्चारून जो 'धर' म्हणेल त्याचं ऐकून दरवाजा धरायचा, 'सोड' म्हणेल त्याचं ऐकून सोडायचा. पण हुकूम द्यायला तिथवर जातो कोण? राजवाड्यात पणजोबांचा काशाचा आरसा होता. त्यात बोललेलं राक्षसाला ऐकू जाई.

आरसा मोठा खाष्ट! पणजोबांचं कसर लागलेलं पागोटं घातल्याशिवाय जागाच होत नसे. मग परवलीचा शब्द विचारी आणि तोच सातही डोंगरांवर दवंडीसारखा ओरडे. शब्द होता 'शुभंकर'. आरसा घडवणाऱ्याने बजावलं होतं, "पहिल्याच दिवशी बदला." बदलतो कोण! वाडवडिलांचा शब्द म्हणून लोकांनी त्याची आरती रचली. दरसाल आरशाच्या पालखीपुढे सारं नगर ती घोळवून म्हणे. घ्या! कुलूप लावलं आणि किल्ली वेशीवर टांगली.

आरसा सांभाळी चंद्रावळ. तिची लेक तळ्याखालच्या गावी नांदत होती. चंद्रावळ विनवी, "महाराज, शब्द बदलू या." राजा म्हणे, "आजवर काही बिघडलं का?"

एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "बाई, करालजिभ मांत्रिकाने तुमची आरती ऐकली. त्याच्याकडेही असाच आरसा आहे. येत्या अमावस्येला तो दरवाजा सोडायला लावून तळं रिकामं करणार आणि तळाचं शापित सोनं नेणार."

"आणि गाव?"

"गाव वाहून जाईल."

चंद्रावळीने पागोटं चढवलं आणि आरशालाच उपाय विचारला.

आरसा म्हणाला, "तीन कामं. पागोटं उतरव. माझ्यावर पडदा टाक. आणि नवा शब्द राक्षसाच्या कानात स्वतः सांग. मी सांगितला तर गावभर होईल."

आरशाचा सल्ला ऐकून राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पणजोबांची रीत मोडतेस?"

"रीत राहील, महाराज. माझी लेक राहणार नाही."

राजा वाटेतून बाजूला झाला. चंद्रावळीने पागोटं उतरवलं, पडदा टाकला आणि भारद्वाजामागे चालू लागली. पायांना फोड आले, तरी थांबली नाही; अमावस्येलाच तळ्याशी पोचली.

धोंडासुराच्या खांद्यांवर शेवाळ चढलं होतं. तिला पाहून तो रडूच लागला. "आई, आजवर नुसतं ओरडणं ऐकलं. जवळ येऊन कोणी बोललंच नाही गं."

तिने त्याचे डोळे पदराने पुसले आणि कानात नवा शब्द सांगितला. इतक्यात आभाळातून मांत्रिकाची हाक आली, "शुभंकर! सोड!"

धोंडासुर हलला नाही. "मी तुला ओळखत नाही," तो म्हणाला. मांत्रिक तीनदा ओरडला. तिसऱ्यांदा त्याचाच आरसा तडकला, आणि हुकूम पहिल्यांदाच नाकारल्यामुळे ज्याच्यात्याच्या हुकमाखाली राबण्याचा राक्षसाचा शाप सुटला; दरवाजा मात्र तो आता आपल्या खुशीने धरून राहिला. खाली गावात चुली पेटल्या होत्या. त्यांतली एक तिच्या लेकीची होती.

परतल्यावर राजाने विचारलं, "नवा शब्द काय ठेवलास?"

"सांगणार नाही."

"अगं, मी राजा आहे!"

"म्हणूनच, महाराज. तुम्हाला सांगितला तर पुढच्या वर्षी त्याचीही आरती होईल."

राजा पोट धरधरून हसला, आणि पागोटं त्याने स्वतःच्या हाताने पेटीत ठेवलं.

तळं भरलेलं राहिलं, लेक सुखाने नांदली. तो शब्द काय होता म्हणता? मला ठाऊक नाही बुवा. आणि असता, तरी सांगितला नसता.