डाळिंबी कोबा आणि टांगलेली गादी

आंबेखिंडीच्या दौलतजीराजांना कोबा हवा होता. साधासुधा नव्हे! दिवाणखानाभर डाळिंबी सिमेंटची घोटीव जमीन, कडेनं वेलबुट्टी, मधोमध मोर आणि चकाकी अशी की वाकलं तर आपली मिशी दिसावी. शेजारच्या संस्थानिकानं तसला करून घेतला होता, एवढं कारण राजांना पुरेसं होतं.

गवंड्यांना काय तोटा? पण राजांच्या अटी ऐकल्या की एकही गवंडी जागेवर सापडत नसे.

"पहिली अट," राजे बोट उभारून सांगत, "सगळी जमीन एकसंध. गादीखालीसुद्धा! कुठं सांधा दिसता कामा नये. दुसरी, आमची गादी दिवाणखान्याबाहेर जाणार नाही. अकरा पिढ्यांत गेलेली नाही! आणि दरबाराला खाडा नाही, कोबा चालू असतानाही आम्ही गादीवर बसणार म्हणजे बसणार. तिसरी, कोब्यावर खूण नको. आज दिसो, दहा वर्षांनी दिसो, एक खूण दिसली की गवंड्यानं चंबूगबाळं उचलून संस्थानाबाहेर चालतं व्हायचं!"

शहरातून एक बडा कंत्राटदार आला. त्याच्याजवळ नमुन्याच्या सतरा लाद्या होत्या आणि तोंडात एकच शब्द, "होईल!" अटी ऐकल्यावर त्यानं लाद्या गोळा केल्या आणि 'गाडीत राहिलेली थापी घेऊन येतो' म्हणून जो गेला, तो अजून यायचाय.

शेवटी राजांनी गावातल्या केरबा गवंड्याला बोलावून हुकूमच सोडला. "काम तुझं! नाही म्हणालास तरी संस्थानाबाहेर!"

केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. उभा जन्म दुसऱ्यांची घरं बांधून गेल्या माघात कुठं त्यानं स्वतःचं दोन खणांचं घर उभं केलं होतं. ते सोडून जायचं? घरी येऊन तो ओट्यावर मटकन बसला.

त्याची लेक सारजा त्याच्या हाताखाली काम करायची. माल कालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि बोलण्यात तर नव्हतंच नव्हतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आबा, गादी भाईर न्यायची न्हाई, येवढंच म्हनलं न्हवं सरकार? वर उचलायची न्हाई, असं न्हाई न्हवं म्हनलं?"

"न्हाई बा."

"मग उठा. आदी लोहाराकडं जाऊ."

दुसऱ्या दिवशी बापलेक दरबारात हजर! सारजा म्हणाली, "सरकार, तिन्ही अटी कबूल. आमची येकच. तुमच्या अटी तुमीबी मोडायच्या न्हाईत."

"आम्ही? आमचीच अट आम्ही मोडणार?" राजांनी मिशीला पीळ दिला. "अगं, आमचा शब्द म्हणजे शब्द!"

ठरल्या दिवशी उजाडताच चार साखळ्यांनी गादी तुळईला टांगली गेली, जमिनीपासून हातभर वर. राजे ऐटीत बसले, एक झोका घेतला आणि म्हणाले, "वा!"

केरबानं आधी गादीखालची जमीन केली, मग मोराचा ठसा दाबला, मग वेलबुट्टी. घोटत घोटत, मागं सरकत दुपारी तो उंबऱ्याबाहेर पडला. दरबारही उंबऱ्याबाहेरच भरला होता. फिर्यादी दारातून ओरडत आणि राजे झोके घेत निवाडे देत. राणीसाहेबांनी लांब बांबूला अडकवून ताकाचा तांब्या पाठवला. राजांनी तो संपवला. मग दुसरा. मग तिसरा!

थोड्या वेळानं राजे चुळबुळू लागले.

"केरबा, हे वाळायला किती वेळ?"

"उद्या सकाळपतूर, सरकार."

झोका थांबला. "उद्या? अरे, आम्हांला आत्ता उतरायचंय! फळी टाका!"

"फळीची खूण उठंल," सारजा म्हणाली.

"मग आम्हांला उचलून न्या!"

"उचलनाऱ्यांचं पाय उमटतील."

"सरकार, साखळीवरून तुळईवर चढता येईल," दिवाणजींनी सुचवलं. राजांनी साखळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे आणि मग दिवाणजींकडे असं पाहिलं की दिवाणजी खांबाआड झाले.

"पुरे झालं! आम्ही चालतच येतो. दिवाणखाना आमचा, पायही आमचे!" राजांनी एक पाय खाली सोडला.

"या की, सरकार!" सारजानं हात जोडले. "पर सिमेंट हाय ते. तुमची पावलं शंभर वर्सं तशीच ऱ्हातील. पाव्हनं येतील, मोर ऱ्हाईल बाजूला आन् पावलंच बघत बसतील. गादीपासनं निघाल्याली, लांब लांब ढांगांची, नीट परसाकडं गेल्याली! आन् इचारतील, राजं येवढ्या घाईनं कुठं निघालं हुतं?"

राजांचा पाय हवेतच राहिला. चेहरा कोब्याहून लाल झाला. केरबानं डोळे मिटून घेतले. आणि एकदम साखळ्या खडखडू लागल्या. राजे हसत होते!

"हसवू नकोस, पोरी! आत्ता हसणं परवडणारं नाही! तिसरी अट मागे घेतली. टाका फळी!"

"खूण उठंल, सरकार."

"उठू दे! खुणेला शिक्षा नाही. आज नाही, दहा वर्षांनी नाही, कधीच नाही! दिवाणजी, लिहून घ्या! नको, आधी फळी!"

फळ्या दाराआड तयारच होत्या. धोतराचा सोगा सावरत राजे त्यांवरून असे गेले की वाटेत कुणाला मुजरा करायलाही सवड मिळाली नाही.

ते परत आले तेव्हा सारजानं दाराकडे मागं सरकत एकेक फळी काढून तिच्या जागी ओला माल फिरवला होता. राजांनी खाली वाकून पाहिलं. खूण कुठंच नव्हती!

"अगं, ओल्यावरची खूण थापीनं मिटते, तर आम्हांला आधी सांगायचं नाही?"

"सरकारनी अटी तीन घातल्या," सारजा म्हणाली, "इचारलं मातुर येकबी न्हाई!"

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातावर ठेवलं, केरबाला तिथल्या तिथं राजवाड्याचा गवंडी नेमलं आणि पुन्हा पोट धरून हसले, या वेळी अगदी निवांत.