सोनकिड्याचं पान

“माझं जेवण होऊन हात धुवेपर्यंत हे सगळे किडे कुळवार वेगळे झाले पाहिजेत! नाहीतर तुझ्या बापाच्या भोपळ्याच्या मळ्यावर आजच नांगर!”

हेमध्वज महाराजांची गर्जना ऐकून येसू जागच्या जागी हातभर उडाली. तशी ती पाल चुकचुकली तरी उडायची, पण आज उडायला कारण होतं. महाराजांना नाद पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचा. जाळीच्या पेटीत प्रत्येक कुळाला वेगळा कप्पा! आणि आज मुदपाकखान्यात भोपळे द्यायला आलेला तिचा बाप, सटवाजी माळी, उंबऱ्याला ठेचकाळला. पाटीतला भोपळा गडगडला तो थेट पेटीवर. कप्पे मोडले, सगळी गोत्रं एकात एक!

“आणि खबरदार,” महाराज म्हणाले, “एकालाही हात लावायचा नाही!”

“हात?” येसू दोन पावलं मागे सरली. “अगं बाई! गळ्याची शपथ घालून सांगितलंत तरी लावणार नाही, महाराज!”

“गेला मळा!” सटवाजीनं कपाळ बडवलं.

रंगावरून निवडावं म्हटलं, तर तांबड्यांतच दोन कुळं. येसूला काही सुचेना. तेवढ्यात आचारी ओरडला, “पानं मांडलीऽऽ!”

येसू पुन्हा दचकली. पण दचकता दचकता तिनं पाहिलं, की सेनापती खांबाजवळ, दिवाणजी झरोक्याखाली, महाराज चांदीच्या पाटावर, जो तो मुकाट आपापल्या पानावर जाऊन बसला. कुणाला हाताला धरून बसवावं लागलं नाही!

“महाराज,” तिनं चाचरत विचारलं, “किडे जेवलेत का हो?”

“सकाळपासून उपाशी आहेत. का?”

“मग त्यांचीही पानं मांडते की!”

दरबार फिस्सकन हसला. कोणता किडा कशाची पानं खातो, हे माळ्याच्या लेकीला मळ्यात बघून ठाऊक होतं. येसूनं बापाला पिटाळलं. भोपळा, हळद, रुई, मोहरी आणि ओढ्याकाठचा बेशरम, सगळ्यांची पानं आली.

“थांब!” महाराज घास हातात धरून म्हणाले. “तो सोन्यासारखा चकाकणारा सोनकिडा आमच्या कुळाचा आहे. त्याला केळीचं पान मांड, तेही पंगतीच्या अग्रभागी!”

किडे उडून जाऊ नयेत म्हणून वरून मच्छरदानी ताणली, पेटी उघडली. आणि काय गंमत! तांबड्यांतले अर्धे भोपळ्याकडे वळले, अर्धे हळदीकडे. निळे रुईवर चढले. बारके काळे टणाटण उड्या मारत मोहरीवर! कुणी दुसऱ्याच्या पानाकडे ढुंकून पाहिलं नाही. महाराज ताटावरून उठून बघायला आले.

सोनकिडा केळीच्या पानावर चढला. मिशा हलवल्या. खाली उतरला. आणि तुरुतुरु चालत थेट बेशरमाच्या पानावर जाऊन कुरतडायला लागला!

“काय?” महाराज कडाडले. “आमचं कुळ बेशरमावर?”

सोनकिडा दचकला, त्याचं सोनं उतरून तो विटकरी झाला. येसूच्या तोंडचंही पाणी पळालं. सटवाजीनं डोळे मिटून घेतले.

“महाराज, ओरडू नका ना, आम्ही दोघंही भितो!” ती कशीबशी म्हणाली. “केळ काय, एकदा घड दिला की आडवी! बेशरम उपटा, तोडा, उकिरड्यावर फेका, पडेल तिथे मूळ धरतो. आपलं घराणं कसं टिकावं, हे त्या किड्याला बरोबर कळलंय!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग पोट थरथरलं. आणि ते असे खदखदून हसले, की सेनापतींच्या पानातली कढी सांडली!

“पोरी, आम्हाला तोंडावर बेशरम म्हणालीस, आणि आम्हाला ते आवडलं! मळा आजपासून कायमचा सटवाजीचा. आणि तुझं पान रोज आमच्या शेजारी, केळीचं!”

“आले असते, महाराज,” येसू पदर सावरत म्हणाली, “पण आधी केळीच्या पानावर पोट भरून फिरायला आलेला तो निळा किडा कोणीतरी झटका!”