धनगराची गादी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा आपल्या पणजोबांचे पणजोबासुद्धा पाळण्यात आले नव्हते. एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक जगावेगळी रीत होती.

दर वर्षी सुगी आटोपली, की राजवाड्याच्या मोठ्या दालनात होऊन गेलेल्या थोर माणसांची बैठक भरायची. हसू नका. मेलेली माणसं कुठली यायला! पण त्यांच्या नावाच्या सात गाद्या मांडल्या जायच्या. प्रत्येक गादीवर एक जिवंत माणूस बसायचा आणि त्या थोराच्या वतीनं बोलायचा. राज्यापुढचा एखादा अवघड प्रश्न घ्यायचा, त्यावर या सातजणांनी चर्चा करायची, आणि ते ठरवतील ते राजानं करायचं.

अट एकच. गादीवर बसलेल्यानं तो थोर माणूस जे बोलला असता तेच बोलायचं. पदरचं काही घातलं, की जमलेले लोक जमिनीवर टाचा आपटायचे. तिथल्या शेंबड्या पोरालाही थोरांच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. बाया दळताना त्यांच्याच ओव्या गायच्या. त्यामुळे थापा पचत नसत.

सातांपैकी सहा थोर राजा निवडायचा. सातवा निवडायचा मान पाळीपाळीनं एकेका गावाला मिळायचा. गावं बिचारी शहाणी. राजाच्याच एखाद्या आजोबाचं नाव सुचवायची, नारळ-पातळ घ्यायची आणि घरी जायची.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी सिंहासनावर जो राजा होता, त्याला पाण्यातला महाल बांधायची हौस आली होती. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं तळं होतं. त्याभोवती भिंत घालायची, मधोमध महाल उभा करायचा आणि चांदण्यात नावेतून हिंडायचं, असा बेत. तळ्याकाठी एक गाव होतं. त्या गावाला दुसरं पाणी नव्हतं. भिंत झाली की गाव उठणार, हे राजालाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं हा प्रश्न थोरांच्या बैठकीपुढे ठेवला. थोरांनीच हो म्हटल्यावर लोक बोलणार काय?

आणि राजानं आपले सहा थोर कसे निवडले बघा. एक खजिनदार, ज्यानं जन्मात कधी राजाला नाही म्हटलं नव्हतं. एक दरबारी कवी, ज्याला राजाच्या घोड्याच्या शेपटीतही इंद्रधनुष्य दिसायचं. राजाच्या पणजोबाच्या वेळचा एक सेनापती, हुकमाचा पक्का. आणखी दोघे असेच, मान डोलावण्यात हयात घालवलेले. सहावा राजाचा पणजोबा, ज्यानं हे राज्य उभं केलं तो. त्याच्या गादीवर राजा स्वतः बसायचा. या सगळ्यांच्या तोंडी होकार घातला, तर टाच कोण आपटणार? पहिले पाच हयातभर तेच तर करत आले होते, आणि सहावा राजाच्याच तोंडानं बोलणार होता!

एवढी हुशारी केली, पण एक घोटाळा झालाच. सातवा थोर निवडायची पाळी त्या वर्षी नेमकी तळ्याकाठच्या गावाची होती.

गावानं पाटलीणबाईंना पाठवलं. नवरा गेल्यापासून गावचा कारभार त्याच बघायच्या. बाई अंगानं काटकुळी, पण आवाज असा की हाक मारली तर पलीकडच्या डोंगरावरची गुरं वळायची.

प्रधानानं त्यांना दारातच गाठलं. "पाटलीणबाई, कैलासवासी राजमातांचं नाव सुचवा. दुसरीकडे चांगली जमीन मिळेल. उगाच पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"माशाचं सोडा, परधानजी," बाई म्हणाल्या, "तुम्ही आमचं पाणीच काढून घ्यायला निघालाय."

बैठक सुरू झाली. खजिनदार हो म्हणाला, कवी हो म्हणाला. जुन्या सेनापतीच्या गादीवर राजाचा आताचा सेनापतीच बसला होता. तो म्हणाला, "राजाचा हुकूम तो माझा हुकूम." एकही टाच वाजली नाही. राजा मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "बोला बाई, तुमच्या गावाचा थोर कोण?"

"तळ्यावरचा धनगर," पाटलीणबाई म्हणाल्या.

तो धनगर कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. राजाच्या पणजोबाची फौज तहानलेली तळ्यावर आली, तेव्हा तो एकटा पायऱ्यांवर आडवा उभा राहिला होता. म्हणाला होता, आधी मुकी जनावरं पितील, मग माणसं आणि मग घोडेस्वार. आमच्या तळ्याची रीत हीच. पणजोबानं त्याला तिथल्याच झाडाला फाशी दिलं होतं.

राजा लालबुंद झाला. "फाशी गेलेला माणूस थोर कसा? त्याची गादी इथे मांडली जाणार नाही!"

"महाराज, सातवा थोर गावानं निवडायचा, अशी रीत हाय. तो राजाला आवडला पायजे, असं काय रीतीत न्हाई."

लोकांत कुजबुज झाली. रीत मोडावी तर बैठकच मोडली, आणि बैठक मोडली तर होकारही गेला. राजानं दात-ओठ खाल्ले. "ठीक आहे. मांडा गादी. पण त्या फितुराच्या नावानं जो बोलेल, त्याचे शब्द मी त्याचेच धरीन, आणि शिक्षाही त्यालाच देईन. आहे कुणाची हिंमत?"

पाटलीणबाईंनी पदर खोचला आणि त्या गादीवर जाऊन बसल्या.

मला विचाराल तर अर्धी बाजी इथेच जिंकली. पण बाईंना अर्ध्यावर थांबायचं नव्हतं. त्या थेट पणजोबाच्या गादीकडे वळल्या.

"राम राम, महाराज. मी धनगर. तुम्ही मला झाडाला टांगलंत, त्याबद्दल मी काय इचारत न्हाई. एकच सांगा. मला टांगल्यावर तुम्ही त्या तळ्याचं पाणी प्यालात का?"

"प्यालो!" राजा गरजला. "पोटभर प्यालो!"

टाचांचा असा आवाज उठला, की छताची धूळ खाली पडली.

"म्हणजे... तहान नव्हती," राजा म्हणाला.

पुन्हा टाचा. मघापेक्षा जोरात. राजानं इकडेतिकडे पाहिलं. प्रधानही खाली बघत होता.

"नाही प्यालो," राजा शेवटी पुटपुटला.

टाचा थांबल्या. खरं तेच होतं. फौज तशीच तहानलेली पुढच्या नदीपर्यंत गेली होती आणि पणजोबा मरेपर्यंत त्या वाटेनं परतला नव्हता.

"का न्हाई प्यालात?" बाईंनी विचारलं.

राजानं तोंड फिरवलं.

"मग मीच सांगते. लाज वाटली म्हणून. तुमच्यापाशी फौज होती, दोर होता, पण पायरी उतरायला पाय धजला न्हाई. तुम्ही क्रूर होता महाराज, पण तुम्हांला लाज होती. आता त्याच पाण्यात तुमचा पणतू नाव फिरवायला निघालाय. सांगा, तुम्ही हो म्हणाल?"

कुणीही टाच आपटली नाही. राजा पणजोबाच्या गादीवरून उठला आणि स्वतःच्या आवाजात ओरडला, "सेनापती! या बाईला धरा आणि फाशी द्या!"

सेनापती जागचा उठला नाही. तो म्हणाला, "महाराज, मी आत्ता जुन्या सेनापतींच्या गादीवर आहे. ते हुकमाचे पक्के होते. पण त्या धनगराला धरायचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तो मानला होता आणि पुढे आयुष्यभर त्यांना त्याचा पस्तावा होता. हाच हुकूम दुसऱ्यांदा झाला असता, तर त्यांनी तलवार खाली ठेवली असती."

एवढं बोलून तो थांबला. लोकांकडे बघत राहिला. खूप वेळ वाट पाहिली त्यानं. एकही टाच वाजली नाही.

मग त्यानं कमरेची तलवार काढून गादीसमोर ठेवली. खजिनदाराच्या गादीवरचा माणूस घसा खाकरून म्हणाला, "आमचं काय, जिकडे जास्त जण तिकडे आम्ही," आणि या वाक्यालाही कुणी टाच आपटली नाही. लोक हसले मात्र खूप.

बैठकीचा निकाल 'नाही' असा लागला आणि तळ्याभोवती भिंत उभी राहिली नाही. पाटलीणबाई तिसऱ्या दिवशी गावी पोचल्या, तेव्हा गुरं पाणी पीत होती. त्यांना पिऊ देऊन मग बाई पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी ओंजळ भरली.

राजानं पुढच्या वर्षी बैठक बंद करायचा घाट घातला. पण सुगी झाली आणि न बोलावताच सगळ्या गावांची माणसं वाड्यापुढे येऊन बसली. प्रत्येक गावानं आपापली गादी काखेत आणली होती, आणि प्रत्येक गादी अशा एकेका माणसाची होती, ज्यानं कधीतरी कुणा राजाला नाही म्हटलं होतं. राजानं खिडकीतून पाहिलं आणि दार उघडायला सांगितलं.

बोध: थोरांमधून जो फक्त होकार देणारे निवडतो, त्याला सल्ला मिळत नाही; आणि नाही म्हणणाऱ्याला फाशी देता येतं, पण त्याचं 'नाही' फाशी जात नाही.