झेंडूखालचा चुना

फार फार जुनी गोष्ट. गाव कुठलं ते विचारू नका, सांगणाऱ्यानं मलाही सांगितलं नाही. डोंगरावरचं होतं, एवढं खरं.

त्या गावात घराला नुसता दगड पुरत नसे. चुना लागे, आणि तोही वीस वर्षं मुरलेला. म्हणून घरात मूल जन्मलं, मुलगा असो की मुलगी, की येणाऱ्या शरदात, पाऊस सरल्यावर, आईबाप परसात खड्डा खणत, त्यात चुना भिजवत आणि वर वाळू पसरत. मग रोज एक तांब्या पाणी. मूल मोठं झालं की त्याचं घर त्याच चुन्यात उभं राही. दुसऱ्याच्या लेकराचा चुना मागायचा नाही, हा तिथला नेम.

एका माणसाला मुलगी झाली. सगुणा तिचं नाव. तो स्वतः बापानं मुरवलेल्या चुन्याच्या घरात राहत होता. भिंतीला कधी ओल नाही की तडा नाही. पण त्याला बागेचं भारी वेड. खड्ड्याच्या जागी त्यानं झेंडू लावला.

म्हातारा गवंडी म्हणाला, "अरे, पोरीचा चुना?"

"घालू की पुढल्या वर्षी. पोर अजून पाळण्यात आहे, बाबा. घर कुठं पळून चाललंय?"

गवंडी त्याच थंडीत वारला. मग विचारणारं कोणी उरलं नाही. दर शरदात झेंडू असा फुले, की वाटेनं जाणारे थांबून बघत. त्या कौतुकात पाच वर्षं निघून गेली.

एक दिवस सगुणा मैत्रिणींचे खड्डे बघून घरी आली. "बाबा, माझा चुना कुठाय?"

खरं सांगायला बापाची जीभ रेटेना. "तो काय, झेंडूखाली," तो म्हणाला.

पोरीनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? बापच तो! त्या दिवसापासून ती रोज एक तांब्या पाणी झेंडूला घालू लागली. अंगात ताप असला तरी घाली. बाप ओट्यावरून बघे आणि मान फिरवी. अहो, तेव्हाही वेळ गेली नव्हती! एक कुदळ तेवढी उचलायची होती. नाही उचलली त्यानं.

पंधरा वर्षांनी सगुणाचं लग्न झालं. शरद आला, घराचा पाया खणून झाला. ती कुदळ घेऊन परसात आली. गुडघाभर खणलं, कमरेइतकं खणलं. काळी माती आणि झेंडूची मुळं. पांढरं काही लागेना.

"बाबा, इथं काहीच नाही."

बाप उभ्या जागी रडायला लागला.

घर ताज्या चुन्यात बांधलं. पहिल्याच श्रावणात भिंत फुगली आणि कोसळली. माणसं तेवढी वाचली. सगुणा नवऱ्याबरोबर गाव सोडून निघाली. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "रोज पाणी घातलं हो मी, बाबा."

गाव म्हणे, "यानं पोरीसाठी चुना घातला नाही, पोरीलाच चुना लावला."

पुढल्या शरदात त्यानं उरलासुरला झेंडू उपटला, खड्डा खणला, चुना भिजवला. सगुणाला मूल झाल्याचं कानावर आलं होतं. ते कधी येईल, येईल की नाही, कोण जाणे. म्हातारा मात्र मरेपर्यंत रोज एक तांब्या पाणी घालत राहिला.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: आपलं घर मागच्यांनी मुरवलेलं असतं, पुढच्यांचं आपण आजच भिजत घालावं.