एकाच ताटातला उपवास

फार फार वर्षांमागे समुद्रकाठी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. तिथली रीत अशी की, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधीचा उपवासकाळ जो मासमच्छीला न शिवता काटेकोर पाळेल, त्यालाच गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत क्रूस वाहायचा मान मिळे.

मिठाचा व्यापारी बस्त्याव त्या मानासाठी वर्षानुवर्षं झुरत होता. यंदा त्याने बोंबलाचा वासही नाकाला लागू दिला नव्हता. मान आता पदरात पडल्यातच जमा होता.

गुरुवारी दुपारी त्याची वहिनी रुजाय पेढीवर आली. बांधावरच्या फणसावरून दोन्ही घरांत पाच वर्षं अबोला होता.

"भावोजी, यांनी अन्न सोडलंय. वैद्य म्हणतो, पोटात काही गेलं तर जगतील. तुम्ही या."

बस्त्याव गेला. खाटेवर मोठा भाऊ दुमिंग वाळून काटकी झाला होता. समोरच्या ताटात भात आणि बोंबलाचं कालवण.

"ये बस्त्या," दुमिंग म्हणाला. "माझ्या ताटात हात घाल. मग जेवतो."

त्या गावात अबोला मोडायचा तर एका ताटात जेवावं लागे.

बस्त्याव चाचरला. "दादा, उपवास आहे. रविवारी पास्काला येतो, पोटभर जेवू."

"रविवारी मी असलो तर ये. वा रे भक्त! तुझा उपवास माझ्या कालवणाला भितो?"

रुजाय हळूच म्हणाली, "पाच वर्षं भावाचा उपवास केलात, भावोजी. तो कुठल्या देवासाठी?"

बस्त्याव निघाला, तो थेट चर्चमध्ये जाऊन गुडघ्यांवर बसला. रोजची प्रार्थना सुरू केली. पण 'आम्ही दुसऱ्याला क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' असं मागायची वेळ आली, तिथे जीभ अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली. व्यापारी माणूस तो. वरून पांढरं आणि आतून ओलं मीठ किती दिवस टिकतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

तो उठला आणि आला तसा झपाझप भावाच्या घरी परतला. "सरक दादा," म्हणत खाटेवर बसला आणि ताटात हात घातला. तेव्हा दुमिंगनेही पहिला घास घेतला.

शुक्रवारी पाद्रीबाबांनी साऱ्या गावासमोर विचारलं, "बस्त्याव, उपवास आजवर नीट पाळलास ना?"

"नाही फादर. काल बोंबलाचं कालवण खाल्लं. दोनदा वाढून घेतलं."

लोक खो खो हसले.

"कोणाकडे रे?"

"दादाकडे."

हसू जागच्या जागी विरलं. त्या दोघांचा अबोला कोणाला ठाऊक नव्हता?

पाद्रीबाबा म्हणाले, "नियमाप्रमाणे क्रूस दुसरा कोणी वाहील. पण मंडळी, खरा उपवास आज आपल्याला बस्त्यावने शिकवला."

दुमिंग बरा झाला. पुढच्या वर्षापासून गावात नवी रीत पडली: उपवास धरण्याआधी, ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या घरी जेवून यायचं. पहिल्या वर्षी काही बहाद्दरांना एका दिवसात चार-चार घरी जेवावं लागलं म्हणतात!

तात्पर्य: तोंडाचा उपवास माणसांना दिसतो, पण देव पाहतो ते मनातलं प्रेम.