पोशीची विचारणी

घाटात अजून गाडीरस्ता नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. धारवणीच्या ठाकरवाडीला तेव्हा कस्तुर पाखरू उठवायचं. अंग काळंनिळं, खांद्यावर चमक. धबधब्यालगतच्या ओल्या खडकांवर ते खेकडे फोडून खाई, आणि पावसाळा आला की उजाडायच्या आधीपासून रिकामटेकड्या पोरासारखं शीळ घालत बसे.

वाडीची भातखाचरं नदीकाठी. लावणीच्या दिवसांत सगळे खोपी बांधून शेताजवळ राहत. पण खोपी कुठं बांधायच्या, ते कस्तुर ठरवी. त्यानं धबधब्याच्या कड्यात खालच्या कपारीत घरटं केलं तर काठाला, वरच्या कपारीत केलं तर दूर माळावर. पुराचं त्याला आधी कळतं, असं म्हणतात. घरटं बघायचा मान वाळकूच्या घराला होता. हात मात्र कुणीच लावायचा नाही.

एका वर्षी वाळकूची बायको पोशी खेकडे धरायला गेली. घरटं पार वरच्या कपारीत होतं, शेवाळाचं, आत दोन अंडी. आणि एक साप तिकडे सरकत होता. पोशीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. एक चिमी काय ती उरली होती. पोशीला बघवेना. तिनं साप हुसकला, घरटं अलगद उचलून खालच्या कपारीत ठेवलं, पुढं काटे लावले आणि शीळ घालून पाखराला बोलावलं. ते आलं आणि अंड्यांवर बसलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी वाळकू बघून आला.

"पोशे, कस्तुर खाली बसलाय. काठालाच बांधू ना खोप?"

हात लावला म्हटलं तर वाडी काय म्हणेल, याची तिला भीती वाटली.

"बांध," एवढंच ती म्हणाली.

आषाढात तीन दिवस झड लागली. नदी चढू लागली. आधी पिल्लं वर ठेवावीत, मग खरं सांगून सगळ्यांना माळावर न्यावं, असं पोशीला वाटलं. भर दुपारी ती कड्याकडे धावली. घरटं वर ठेवून मागं बघते तर काठाला एकही खोप नव्हती. वाळकू गेला, चिमी गेली, आणखी अकरा माणसं गेली.

उरलेल्यांपुढं तिनं सगळं सांगितलं. कुणी तिला मारलं नाही, कुणी जवळही घेतलं नाही. सासू तेवढी म्हणाली, "येवढं आधी सांगायचं व्हतंस गं." पोशी उठून कड्याकडे गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून कस्तुराची शीळ मधेच थांबते. सांगायचं राहून गेलेली ती पोशीच, असं म्हणतात.

अजूनही खोपी बांधायच्या आधी वाडी कड्याखाली जमते. सगळ्यांत म्हातारी बाई पोशीचं नाव घेऊन एकेकाला विचारते, पोरांनासुद्धा, "हात लागला आसंल तं सांग. कोन रागवायचं नाय." शेवटच्या माणसाचं उत्तर आल्याशिवाय खोपीची मेढ रोवली जात नाही. आणि कुणी लागला म्हणालंच, तर म्हातारी आधी त्याला पोटाशी धरते, आणि मग सगळे माळाची वाट धरतात.